मुरमात वाजणारं यंत्र

८ फेब्रुवारी १९५४

यंत्र घ्यायला कालवड विकली. बारामतीहून नुसतं दावं हातात घेऊन परत आलो. फुलानं दावं खुंटीला अडकवलं. भाकरी वाढली आणि चुलीकडं तोंड करून बसली. जेवण होत आल्यावर म्हणाली, "पोर झाल्यावर दूध लागंल. तवा त्या यंत्राच्या आचळाला हात लावायचा का?"

बायकोची जीभ ही अशी. तिला पाचवा महिना आहे. आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून हल्ली मी आवाज चढवत नाही. पण कालवड विकायचीच होती. माझी सख्खी धाकटी बहीण सिंधू, नवरा जिवंत असलेली, पोटची पोर तिकडं वडगावात सोडून दोन वर्षं माझ्या घरात मान खाली घालून वावरते. ते बघत मी दूध-भाकरी खायची?

९ फेब्रुवारी

लिहून काढलं म्हणजे डोकं हलकं होतं असं मास्तर म्हणायचे. बघू.

सिंधूचे सासरे आबाजी. दरोड्यांची हूल उठली त्या साली म्हाताऱ्यानं घरातला सगळा दागिना पितळी डब्यात घातला आणि मळ्यात पुरला, पाटाकडच्या पट्टीत. सिंधू न्याहारी घेऊन गेली होती, तिनं पुरताना बघितलं. बाकी कुणालाच ठाऊक नाही. पुढं म्हातारा आजारी पडला, मरताना जागा सांगून गेला. खणलं तर काही नाही. झालं! "हिनंच बघितलं हुतं, हिनंच काढलं."

सासू कुशाबाई. तिनं माझ्यादेखत सिंधूचं बोचकं सोडलं, एक एक लुगडं झाडून बघितलं आणि मग तिला गाडीत बसू दिलं. ठमीला ठेवून घेतलं. पोर तीन वर्षांचीही नव्हती. म्हणे, "आमचं रक्त हाय, आमच्यात ऱ्हाईल." दाजी, म्हणजे सिंधूचा नवरा जोतीराम, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांकडं बघत उभा होता.

त्या डब्यात आमच्या आईची वज्रटीकसुद्धा होती. लग्नात सिंधूच्या गळ्यात घातलेली. महिन्याभरात सासूनं उतरवून घेतली आणि घरच्या दागिन्यात टाकली. म्हणजे आमचंच सोनं गेलं, आणि चोर कोण तर आम्ही.

माझं म्हणणं सरळ आहे. म्हाताऱ्याला जागा नीट आठवली नाही. मधल्या काळात त्या पट्टीचा बांध सरकवला, जमीन सपाट केली. डबा तिथंच आहे. माणसं खोटं बोलतात, जमीन कशाला बोलेल? तिला बोलतं करणारं यंत्र पाहिजे, एवढंच.

१४ फेब्रुवारी

पुण्याला जाऊन आलो. बरोबर आमच्या कळसचा गेणू हवालदार. लढाईत आफ्रिकेत होता, सुरुंग हुडकायच्या यंत्रावर. तसं तो सांगतो. गावात कुणी जाऊन बघितलेलं नाही.

जुन्या बाजारात लष्करी भंगाराचा एक दुकानदार आहे. त्याच्याकडं दोन यंत्रं निघाली. दोन्हीला लांब दांडा, दांड्याला थाळी, पाठीवर पेटी, कानाला लावायचे कर्णे. एकाची थाळी गोल, परातीएवढी. दुसऱ्याची लांबट, आणि पेटीवर एक चावी जास्त. दुकानदारानं वाळूच्या ढिगात पाना पुरला. गोल थाळीचं असं किंचाळलं की मी कर्णे काढून टाकले. लांबट नुसतं कण्हलं.

"ह्योच घ्या," गेणूतात्या म्हणाला. "आवाज बगा की, खणखणीत."

आवाजावर भुललो. घेतलं. येताना एस.टी.त सगळे विचारत होते, रेडिओ का? व्हय म्हणालो. कोण सांगत बसतं.

१६ फेब्रुवारी

वाईट दिवस.

परसात यंत्र लावलं. आधी मी एक तांब्या पुरला, तो बरोबर सापडला. फुलासुद्धा दारात येऊन उभी राहिली. मग थाळी फिरवत निघालो तर काय — जोत्याच्या दगडापाशी वाजतं, गोठ्याच्या वाटेवर वाजतं, मोगऱ्याच्या आळ्यापाशी तर कान फुटायची वेळ. उकिरड्यापाशी खणलं तर बैलाच्या खुराला मारायची जुनी पत्री निघाली. वाटेवर गुडघाभर खणलं तर लाल मुरूम, दुसरं काही नाही. काळ्या दगडावर नुसती थाळी धरली तरी बोंब.

"मुरूम हाय ह्यो," गेणूतात्या म्हणाला. "मुरमात लोखंड असतंया. आफ्रिकेतबी काय काय जागी असंच बोंबलायचं. हितल्या मातीला हे चालायचं न्हाय."

मग पुण्यात का नाही बोललास, बाबा? तिथं तर वाळू होती! वाळूत यंत्र पारखलं आणि मुरमात आणलं. बैल घेताना आपण चिखलात चालवून बघतो, चढावर ओढायला लावतो, आणि हे घेताना नुसता गळा ऐकला. माझ्यासारखा शहाणा मीच.

मोगरा मी खणला नाही. आबाजी जिवंत असताना सिंधू पंचमीला माहेरी आली होती, तेव्हा तिनं तो लावला. या घरात तिचं म्हणून तेवढंच आहे. आता कळ्या धरतोय. मुरूम बघण्यासाठी मुळं कशाला तोडायची?

ती ताक घेऊन आली. म्हणाली, "दादा, नगं रे करू. गेलं ते गेलं."

तिच्यावर खेकसलो. मग वाईट वाटलं.

२० फेब्रुवारी

यंत्र बदलून आणलं. दुकानदारानं वर पैसे घेतले, आणि किती घेतले ते फुलाला सांगितलेलं नाही. त्या जास्तीच्या चावीचा उपयोग आता कळला. थाळी मोकळ्या जमिनीवर धरायची आणि चावी फिरवत फिरवत जमिनीचा आवाज मारायचा. माती गप्प झाली की मग जे वाजेल ते धातूच. हे त्यानं पहिल्यांदाच सांगितलं असतं तर त्याचं काय जात होतं?

घरी आल्याबरोबर जोत्याच्या दगडाशी लावून बघितलं. चावी फिरवली. गप्प! तांब्या धरला, वाजलं. एवढं झालं तेवढ्यात कर्ण्याची तार निसटली. तार जोडायला आणि रेडिओच्या ब्याटऱ्या आणायला बारामतीला जाणं आलं.

तरी पहिल्यांदाच बरं वाटलं.

३ मार्च

दाजीचा निरोप. पट्टीतला ऊस तुटला, खोडव्याला पाणी द्यायच्या आत या. आई तयार आहे, पण म्हणते, यंत्र बोलो न बोलो, हे शेवटचं.

सिंधूला विचारलं, येतेस का? लांबून ठमी तरी दिसेल. तिनं पदर तोंडात धरला आणि गोठ्यात गेली. शेण काढत बसली. आधीच काढलेलं होतं.

९ मार्च, वडगाव

कसं लिहू?

ही जमीन आमच्यासारखी नाही हे मला माहीत नव्हतं का? शंभरदा आलोय हिथं. कालव्याचं पाणी पिऊन पिऊन पट्टी चोपण झाली आहे, वरती मिठासारखा पांढरा थर. पण मी कळसच्या मुरमाचाच विचार करत बसलो. यंत्र मुरमासाठी पारखून आणलं आणि लावलं चोपणात! वाळूवरून मुरमात, मुरमातून चोपणात. एकच चूक दोनदा. कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

थाळी ओल्या जमिनीवर धरली की यंत्र सारखं रडतं. थांबतच नाही. चावी फिरवून रडणं मारलं की तांब्या थाळीखाली धरला तरी त्याला ऐकू येत नाही. गेणूतात्या घामाघूम. शेवटी म्हणाला, "वल हाय. वाळू द्या रान."

बांधावर निम्मं वडगाव. एक जण म्हणाला, "पाव्हणं, आमच्या हिरीत बादली पडलीया, तेवढी काढून द्या." सगळे हसले. बहिणीच्या सासरी उभा होतो, उलटून बोलायची सोय नाही.

ठमीला बघितलं. दाराआड उभी होती. खिशातली रेवडी पुढं केली तर मागं सरली. "मामा हाय त्यो," दाजी म्हणाला. तेवढ्यात आतून कुशाबाईनं हाक मारली आणि ठमी "आले, आई" म्हणत पळाली.

आई!

हे सिंधूला सांगणार नाही.

१० मार्च

सांगितलं. तिनं विचारलंच, ठमी काय म्हणाली म्हणून. मला खोटं बोलता येत नाही, तोंडावर दिसतं. ऐकलं आणि दळण घेऊन बसली. तिच्या रडण्यापेक्षा हे न रडणं मला जड जातं.

२१ मार्च

पुन्हा वडगाव. रान वाळलं होतं, भेगा पडल्या होत्या. यंत्र गप्प राहिलं, तांब्याला वाजलं. वाटलं, आता सापडणार. सकाळपासून पट्टी विंचरून काढली. काय काय निघालं — नांगराचा तुटका फाळ, मोटेची कडी, साखळीचा तुकडा, ढब्बू पैसा. प्रत्येक वेळी वाजलं की मी हातानंच माती उकरायचो. दाजी स्वतः कुदळ मारत होता. फाळ निघाला तेव्हा तो मातीतच बसला.

दुपारनंतर पाटाला पाणी सुटलं. पाळी यांचीच होती, ती कुणासाठी थांबत नाही. बघता बघता पट्टी भिजली आणि यंत्र पुन्हा रडायला लागलं. पण तोवर तसूभर जागा राहिली नव्हती. मला ठाऊक आहे. डबा तिथं नाही.

मग गेला कुठं? बांध सरकवताना कुणा गड्याला घावला असणार. आता कोण सांगेल? म्हणजे आता काहीच होऊ शकत नाही. यंत्रानं सिंधूला सोडवलं नाही, उलट आणखी अडकवली. कुशाबाई दारात उभी राहून म्हणाली, "बगितलं न्हवं? जमिनीत न्हाय. मग कुठं गेला डबा, रामहरी? उडून गेला?"

निघताना दाजी वेशीपर्यंत आला. म्हणाला, "पाव्हणं, मला डबा नगं. मला बायकू पायजे. पर आई असस्तोवर माझं चालत न्हाय. तिला म्हणावं बेलभंडारा उचल. मग आई काय बोलणार न्हाय."

२२ मार्च

बेलभंडारा म्हणजे शेवट. खंडोबाच्या समोर बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ. एकदा उचलला की गाव बोलत नाही, सासूही बोलत नाही. दोन वर्षांपूर्वीही हे निघालं होतं. तेव्हा सिंधू म्हणाली होती, मी केलं नाही तर मी का उचलू? मला तेव्हा तिचा अभिमान वाटला होता. आमच्या आईची पोर शोभते म्हणालो होतो.

आज पुन्हा विचारलं. हात जोडले अक्षरशः.

"न्हाय उचलणार," म्हणाली.

"ठमी तुझ्या सासूला आई म्हणतीया, सिंधू."

"म्हणू दे."

मी ताट ढकललं आणि उठलो. काय करावं माणसानं? हिचा ताठा तिकडच्या म्हातारीसारखाच.

२८ मार्च

सिंधू वाळत चालली. फुला म्हणते, ही पावसाळा काढायची नाही. यंत्र माळ्यावर टाकलंय. त्याच्याकडं बघवत नाही.

४ एप्रिल, रविवार

उचलला. मीच उचलला.

घरी कुणाला न सांगता वडगावला गेलो. कुशाबाईला म्हणालो, "मावशी, तिचा भाऊ उचलतो. बापाच्या जागी मीच आहे तिला. चालंल?" म्हातारी जवळ आली. म्हणाली, "कोरडी शपत नगं. काय लावतूस पणाला?"

जमीन म्हणालो. नको म्हणाली. बैल म्हणालो. नको.

"तुझी बायकू दोन जिवाची हाय म्हनं," ती म्हणाली.

देवळात पंचवीस-तीस माणसं असतील. पुजाऱ्यानं ओंजळीत पान ठेवलं, भंडारा ओतला. मोठ्यानं म्हणालो, "सिंधूनं डबा घेतला न्हाय. माझ्या घरात, माझ्या परसात, माझ्या रानात त्यो न्हाय. असला तर माझ्या घरी पाळणा हलू नये."

कुशाबाईनं डोळे मिटले. मग म्हणाली, "फुडच्या रविवारी गाडी धाडते."

इतकं सोपं होतं. आणि मी यंत्र घेऊन माती तुडवत फिरलो.

५ एप्रिल

फुलाला कळलं. तिनं हातातली परात खाली ठेवली. "दुसऱ्याच्या डब्यापायी माझं प्वार पणाला लावलंत?"

"अगं, खोट्याला भीती. आपल्या घरात आहे का डबा?"

"न्हाय."

"मग? शपथ खरी आहे तर ती लागेल कुणाला?"

तिला पटलं, पण जेवली नाही. सिंधूही जेवली नाही. ती दळण टाकून समोर आली. "दादा, तू का उचललास? मी सांगितलं हुतं का तुला?" एवढंच परत परत म्हणत राहिली. मी म्हणालो, वेडे, भावानं नाही उचलायचा तर कुणी? तिनं माझे पाय धरले. मलाही रडू आवरलं नाही. पोर दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळी झाली.

११ एप्रिल

गाडी आली. दाजी आणि पुढ्यात ठमी! नवं परकर-पोलकं, डोळ्यांत काजळ. सिंधूला बघून आधी बापाच्या मागं लपली, मग तिच्या हातातल्या बांगड्यांना हात लावला, मग मांडीवर बसली. बसली ती उतरेचना.

सिंधूनं निघताना मोगऱ्याला पाणी घातलं. फुलाला म्हणाली, "वयनी, ह्याला हालवू नका हं. मुळं धरल्यात आता." फुला म्हणाली, "मी कशाला हालवते. तुमीच पंचमीला येऊन कलम न्या." सिंधूनं तिच्या पोटावर हात ठेवला, काढला, परत ठेवला. मग डोळे पुसत गाडीत चढली.

गाडी दिसेनाशी होईस्तोवर वेशीवर उभा होतो.

२ मे

दाजी बाजारात भेटला. ठमी आता आईच्याच हातानं जेवते. कुशाबाई लोण्याची वाटी सिंधूच्या हातात देते, म्हणजे सगळं दिलं. सिंधू मात्र बोलत नाही फारशी. बोलेल हळूहळू.

पळसदेवचा एक माणूस यंत्र बघायला येणार आहे. भीमेच्या काठावर देवळापाशी मोहरा आहेत असं त्याच्या डोक्यात बसलंय. दुकानदार परत घेत नाही म्हणतो, तेव्हा मोहरा तर मोहरा! माळ्यावरून काढलं, पुसलं. ब्याटरीत थोडा जीव आहे. त्याला चालवून दाखवावं लागेल.

फुला हल्ली गाणी गुणगुणते.

५ मे

पळसदेवचा माणूस यायच्या आधी यंत्र परसात धरून बघितलं. आपलं मुरमातलं काम, चावी चटकन बसली. जोत्याच्या दगडाशी गप्प. गोठ्याच्या वाटेवर गप्प. मोगऱ्याच्या आळ्यापाशी वाजलं.

चावी अजून फिरवली. वाजलं.

हातभर खाली पितळी डबा. झाकण काढलं तर वरतीच आईची वज्रटीक.

"काय घावलं वं?" फुलानं दारातून विचारलं.

"बैलाची पत्री," म्हणालो.

डबा होता तिथं ठेवला, माती लोटली, पाणी घातलं. पळसदेवच्या माणसाला परत पाठवलं, यंत्र बिघडलंय म्हणालो. आता फुला हाका मारतेय. पावसाआधी आढ्याला पाळण्याची दोरी बांधून द्या म्हणते.